तेरची एक दिवसाची पुरातत्त्व सहल: सोलापूरहून जाऊन आले, जसं झालं तसं सांगते

मागच्या रविवारी आम्ही तिघं, म्हणजे मी, माझा सातवीतला मुलगा आणि माझे सासरे, धाराशिव जिल्ह्यातल्या तेरला जाऊन आलो. स्वतःच्या गाडीनं नाही, सोलापुरातच दोन पोरं मिळून महिन्यातून एखाद्या रविवारी अशी सहल काढतात, त्यांच्याबरोबर. एकानं पुरातत्त्वात एमए केलंय, तो सगळं दाखवतो, आणि दुसरा गाडी, नाश्ता, जेवण, पैसे हे बघतो. सोळा-सतरा माणसं आणि एक टेंपो ट्रॅव्हलर. मोठ्यांना १,६०० रुपये, पंधरा वर्षांखालच्यांना १,०००, त्यात नाश्ता, जेवण, दुपारचा चहा आणि मुलांसाठी लुटुपुटूचं उत्खनन. आमच्या कॉलनीतल्या तीन-चार जणींनी विचारलं की कसं आहे, पैसे वसूल होतात का, म्हणून नीट लिहूनच टाकते.

मला स्वतःला जाताना फार खात्री नव्हती. गेल्या वर्षी दुसऱ्या एका ट्रॅव्हलवाल्याच्या "ऐतिहासिक सहली"ला गेलो होतो आणि तिथं प्रत्येक ठिकाणी पंधरा मिनिटं, चला चला फोटो काढा, हे हजार वर्षांपूर्वीचं आहे, चला बसा गाडीत, एवढंच झालं. घरी आल्यावर पोराला विचारलं काय बघितलंस तर म्हणाला दगड. त्यात त्याची काय चूक, त्याला दगडच दाखवले होते. म्हणून या वेळी बुकिंग करताना मी फोनवर स्पष्ट विचारलं की तुम्ही समजावून सांगणार का नुसतं फिरवणार, तर तो पोरगा म्हणाला, "ताई, मी तुम्हाला खापरं दाखवणार. मूर्ती नंतर." तेवढ्या एका वाक्यावर मी पैसे पाठवले.

सकाळी सहाला सोलापुरातल्या सात रस्ता चौकात या म्हणाले होते. आम्ही पावणेसहालाच हजर, सासऱ्यांना वेळेचं फार, मिलमध्ये भोंग्यावर आयुष्य काढलेला माणूस. पण एक कुटुंब उशिरा आलं आणि गाडी हलायला सहा चाळीस झाले. ही पहिली तक्रार, आणि ती लहान नाही, कारण ते चाळीस मिनिटं पुढं दिवसभर कुठं ना कुठं नडले, जेवण लांबलं, वस्तुसंग्रहालयात घाई झाली. जे वेळेवर येतात त्यांचा वेळ का जावा? दहा मिनिटं थांबून निघायला पाहिजे होतं असं मी त्यांना तोंडावर सांगितलं आणि त्यांनी ऐकून घेतलं.

रस्ता आपल्या सगळ्यांच्या पायाखालचा, तामलवाडी, तुळजापूरचा घाट, धाराशिव आणि तिथनं पुढं तेर. नाश्ता तुळजापूर ओलांडल्यावर एका धाब्यावर, गरम सुशीला, म्हणजे भिजवलेल्या चुरमुऱ्यांचा फोडणी दिलेला प्रकार, आणि चहा, चांगला होता, सुशीलावर शेंगदाणे हात राखून घातलेले नव्हते. गाडीत माईकचा आवाज फाटत होता, मागच्या सीटवर निम्मं कळत नव्हतं. पण त्याच गाडीत त्या एमएवाल्या पोरानं एक गोष्ट केली जी मला फार आवडली. आपल्याकडच्या कुंभाराकडनं फुटक्या मडक्यांचे तुकडे आणले होते, काही नीट भाजलेले, काही कच्चे राहिलेले, आणि एकेक सगळ्यांच्या हातात देऊन म्हणाला, बोटाच्या पेरानं वाजवून बघा आणि आवाज ऐका. नीट भाजलेलं खापर टणकन वाजतं, कच्चं बद्द. मग त्यानं गोरोबाकाकांची गोष्ट काढली, नामदेवांसकट सगळ्या संतांच्या डोक्यावर थापटणं मारून कोण पक्का कोण कच्चा बघितलं ती. लहानपणापासून शंभर वेळा ऐकलेली गोष्ट, पण हातात खापर धरून ऐकली तेव्हा पहिल्यांदा कळलं की ती कुंभाराच्या रोजच्या कामातनं आलीय. आणि तेर म्हणजे गोरोबाकाकांचंच गाव, तेरणा नदीच्या काठावर त्यांची समाधी. आपण तिथं दर्शनाला जातो आणि परत येतो, पण त्याच गावाच्या पोटात दोन हजार वर्षांची मडकी पडलीत हे किती जणांना ठाऊक असतं?

तेरला उतरल्यावर तो आधी कुठल्याच मंदिरात घेऊन गेला नाही. गावाच्या कडेला पांढरीवर नेलं. आपल्याकडं गावठाणाला पांढरी आणि रानाला काळी म्हणतात हे मी जन्मापासून ऐकतेय, पण पांढरीला पांढरी का म्हणायचं हे कधी मनातच आलं नव्हतं. तो म्हणाला, चुलीची राख, शेण, पडलेल्या भिंतींची माती, जनावरांची हाडं, सांडपाणी, हे सगळं शेकडो वर्षं एकाच जागी साठत गेलं की माती भुरकट, पांढुरकी होते, आणि भोवतीच्या काळ्या रानात ती लांबनंच ओळखू येते. पुरातत्त्ववाले नवीन गावात गेले की म्हाताऱ्या माणसांना पहिला प्रश्न हाच विचारतात, तुमची जुनी पांढरी कुठंय हो?

आणि मग त्यानं सांगितलं की या टेकाडांचा सगळ्यात मोठा नाश कशानं होतो तर माती नेण्यानं. ही माती शेताला खत म्हणून चालते, गढीच्या भिंतींना चालते आणि माळवदाला, म्हणजे मातीच्या सपाट छपराला, तर हीच लागते. मी तिथंच गप्प झाले. माझ्या आजोळचा वाडा माळवदाचा होता. दर उन्हाळ्यात पावसाच्या आधी माळवदावर पांढरी माती टाकायची, तुडवायची, उतार काढायचा, आणि ती माती गावाबाहेरच्या टेकाडावरनं बैलगाडीनं यायची. आम्ही पोरं त्या ढिगात खेळायचो, खापराचे तुकडे निघायचे, शंखाच्या बांगडीचे तुकडे, कधी लाल मणी. आजी म्हणायची पांडवांच्या वेळचं आहे, ठेव देवाजवळ. कुणाचीच चूक नव्हती त्यात, घर गळायला लागलं तर माणूस माती टाकणारच, पण किती गाड्या माती आणि त्यात काय काय गेलं असेल हे त्या पांढरीवर उभं राहिल्यावर कळलं आणि कसंतरीच झालं.

टेकाडाला एका बाजूनं पावसानं उभी कड पडलीय. तिच्यापासून हातभर लांब उभं करून त्यानं आम्हाला सांगितलं, पाच मिनिटं कुणी बोलू नका, नुसतं वरनं खाली बघा. सुरुवातीला सगळी माती एकच वाटते, खरं सांगते. मग डोळे बसले की पट्टे दिसायला लागतात. वर सैल माती आणि मुळं, त्याखाली विटांचे तुकडे एका ओळीत, त्याखाली बोटभर जाडीचा काळा-करडा पट्टा, म्हणजे राख, मग चापून बसवलेली पिवळट माती, कुणाच्या तरी घराची जमीन, आणि तिच्यात अर्धं आत अर्धं बाहेर असं एक खापर. आतनं काळं आणि बाहेरनं लाल. आमच्या पोरानं विचारलं एकाच मडक्याला दोन रंग कसे, तर तो म्हणाला हे भट्टीत पालथं ठेवून भाजलेलं, आतल्या बाजूला आणि काठाला हवा लागली नाही म्हणून ते काळं राहिलं, बाहेरनं हवा लागली म्हणून लाल झालं. सातवाहनांच्या काळात अशी भांडी इकडं घरोघर होती. एका काकांनी ते खापर ओढून काढायला हात पुढं केला तर त्यानं अक्षरशः मधे येऊन थांबवलं. म्हणाला, काका, ते तिथं आहे तोवर ते सांगतंय की या घराच्या जमिनीइतकंच ते जुनं आहे, तुमच्या खिशात गेलं की ते नुसतं खापर. शिवाय जुन्या जागेवरनं काही उचलणं कायद्यानंही चालत नाही हेही सांगितलं, पण कायद्याच्या आधी कारण सांगितलं हे मला जास्त पटलं.

त्रिविक्रमाचं मंदिर मी आधीही पाहिलंय, पण या वेळी त्यानं आधी मागच्या बाजूला नेलं. मागनं ते गोल आहे, हत्तीच्या पाठीसारखं, गजपृष्ठाकार म्हणतात, आणि वरचं छप्पर पण तसंच कमानदार, सगळं विटांचं. कार्ले-भाजे पाहिलेल्यांना लगेच ओळखू येईल, डोंगरात खोदलेलं चैत्यगृह, म्हणजे बौद्धांचं प्रार्थनेचं दालन, आतनं जसं दिसतं तसंच हे बाहेरनं, जमिनीवर उभं बांधलेलं. मुळात हे बौद्ध चैत्य, हे हेन्री कझिन्स या इंग्रज पुरातत्त्व अधिकाऱ्यानं १९०२-०३ च्या पुरातत्त्व खात्याच्या अहवालात मांडलं. पुढचा मंडप नंतर जोडलाय आणि आत विष्णूची त्रिविक्रमाची मूर्ती, एक पाय उचललेली, बळीला पाताळात घालणारी. विटांचं असं इतकं जुनं चैत्य उभंच्या उभं शिल्लक राहणं फार दुर्मीळ, आणि ते राहिलं कारण लोकांनी त्यात देव बसवला आणि दिवा लावत राहिले. तिथं ज्यांना दर्शन घ्यायचं होतं त्यांच्यासाठी तो निवांत थांबला, घाई केली नाही. सासरे दहा मिनिटं आत बसून आले.

आता तगर, म्हणजे तेरचं जुनं नाव. हा भाग मी आमच्या अण्णांसाठी, म्हणजे सासऱ्यांसाठी, मुद्दाम लिहिते. इसवी सनाच्या पहिल्या शतकात इजिप्तकडच्या एका ग्रीक व्यापाऱ्यानं समुद्री व्यापाराची माहिती लिहून ठेवलीय, पेरिप्लस म्हणतात तिला, त्याचं नाव कुणालाच माहीत नाही. त्यात लिहिलंय की गुजरातेतल्या भडोचहून दक्षिणेला वीस दिवस गेलं की पैठण आणि तिथनं पूर्वेला दहा दिवसांवर तगर, फार मोठं शहर. आणि तगरहून काय जायचं? कापड. साधं जाडंभरडं कापड भरपूर, तऱ्हेतऱ्हेची मलमल, आणि हे सगळं गाड्यांमधनं, धड रस्ता नसलेल्या मुलखातनं भडोचच्या बंदरापर्यंत आणि तिथनं जहाजानं. टॉलेमी या जुन्या ग्रीक भूगोलकारानंही तगरचं नाव घेतलंय. हे तगर म्हणजे नक्की कुठलं गाव यावर इंग्रजांच्या काळात बरीच वर्षं वाद चालला, कुणी दौलताबाद म्हणे, कुणी जुन्नर, शेवटी १९०१ साली फ्लीट नावाच्या इंग्रज अभ्यासकानं ते म्हणजे आपलं तेर हे दाखवून दिलं. शिलाहार राजे कोकणात आणि कोल्हापुरात राज्य करत होते तरी स्वतःला "तगरपुरवराधीश्वर" म्हणवून घ्यायचे, एवढा त्या गावाचा मान.

अण्णांनी बत्तीस वर्षं मिलमध्ये साचे, म्हणजे माग, चालवले. कापड म्हटलं की ते सोलापूरच्या १८७७ च्या जुन्या मिलपासून मोजायला सुरुवात करतात, त्याआधीचं सगळं त्यांच्या दृष्टीनं हातमागवाल्यांचं. हे जाडंभरडं कापड ऐकल्यावर ते त्या पोराला बाजूला घेऊन विचारत होते की सूत किती नंबरचं असेल, पन्हा किती असेल, मलमल म्हणजे किती बारीक. त्याला सगळं सांगता आलं नाही आणि त्यानं उगाच काही ठोकून दिलं नाही, म्हणाला अण्णा, कापड मातीत टिकत नाही, कुजून जातं, म्हणून ते उत्खननात सहसा मिळतच नाही, आपल्याकडं आहे तो त्या व्यापाऱ्यानं लिहिलेला शब्द. अण्णा बराच वेळ नदीकडं बघत उभे होते. येताना गाडीत मला म्हणाले, "म्हणजे आपण काय नवीन करत नव्हतो बघ."

वस्तुसंग्रहालय, म्हणजे रामलिंगप्पा लामतुरे शासकीय वस्तुसंग्रहालय. याच्यासाठी अख्खा दिवस ठेवला तरी कमी. लामतुरे तेरचेच. गावात कुणाला शेतात, कुणाला घराच्या पायात, कुणाला पावसानंतर टेकाडावर जे सापडायचं ते त्यांनी गोळा केलं, जपलं, आणि वीस हजारांच्या वर वस्तू जमल्या. एका माणसाच्या हौसेतनं! ज्या काळात हे सगळं भंगारात, नाहीतर बाहेरच्या व्यापाऱ्यांच्या हातात गेलं असतं त्या काळात त्यांनी ते गावातच राखलं, त्यांना हात जोडावेसे वाटतात.

तिथं काय काय बघायचं हे सगळं लिहीत बसत नाही, पण तीन गोष्टी चुकवू नका. एक म्हणजे पांढऱ्या केओलिन मातीच्या बाहुल्या, पुढचा आणि मागचा असे दोन साचे करून, दोन्ही अर्धे जोडून केलेल्या, आतनं पोकळ. केसांच्या रचना बघा, कानातलं बघा, एकीचंही दुसरीसारखं नाही. नीट वाकून बघितलं तर बाजूला जोडाची बारीक रेघ दिसते, कारागिरानं ओल्या बोटानं ती पुसून काढलीय पण कानामागं राहिलीय. मी त्या रेघेपाशी किती वेळ उभी होते. दुसरी म्हणजे मातीच्या चकत्या, रोमन नाण्यांवर बेतलेल्या, गळ्यात घालायला भोक किंवा कडी असलेल्या. सोन्याचं रोमन नाणं सगळ्यांना थोडंच परवडणार, मग मातीत तसं करून घालायचं. आणि तिसरी ती हस्तिदंती बाई. वीतभरापेक्षा कमी उंचीची, दागिन्यांनी मढलेली. तशाच घडणीची एक हस्तिदंती बाई १९३८ साली इटलीत पॉम्पेईच्या उत्खननात सापडली. पॉम्पेई हे गाव इसवी सन ७९ मध्ये व्हेसुव्हियस ज्वालामुखीच्या राखेखाली गाडलं गेलं, म्हणजे ती बाई ७९ च्या आधी भारतातनं तिथं पोचली होती यात काही शंकाच नाही. जालना जिल्ह्यातल्या भोकरदनच्या उत्खननातही तशीच एक मिळाली.

आणि इथंच त्या पोरानं जे सांगितलं त्यासाठी मी १,६०० काय, अजून दिले असते. तो म्हणाला, पॉम्पेईच्या बाईची तारीख राखेनं पक्की केलीय. आपल्या तेरच्या बाईची तारीख आपण तिच्याशी ताडून सांगतो, कारण आपली कुठल्या थरात होती, शेजारी कुठलं नाणं होतं, कुठलं खापर होतं, हे लिहून ठेवलेलं नाही. लामतुऱ्यांनी वस्तू वाचवली, तो काळच तसा होता, पण वस्तूच्या भोवतीची माती वाचवायला उत्खननच लागतं. म्हणून १९५८ ला चापेकर या पुरातत्त्वज्ञांनी इथं खणलं, पुढं १९६० च्या दशकात शां. भा. देव या पुरातत्त्वज्ञांनी खणलं, विटांचा स्तूप निघाला, आणि तेव्हा कुठं नुसत्या सुंदर वस्तूंना खालीवर असा क्रम लागला, आधी काय नंतर काय हे कळलं. खणणं म्हणजे शोधणं नाही, खणणं म्हणजे मोडणं आहे, प्रत्येक थर एकदाच वाचता येतो आणि वाचता वाचता तो संपतो, म्हणून लिहून ठेवायचं. हे तो इतक्या कळकळीनं बोलत होता की आमच्यातल्या एक आजी त्याला म्हणाल्या, बाळा पाणी पी जरा.

संग्रहालयात आम्हाला सव्वा तास मिळाला. कमी आहे. सकाळचे चाळीस मिनिटं इथं पाहिजे होते.

जेवण पावणेतीनला, एका शेतकऱ्याच्या घरी. कडक भाकरी, शेंगाची चटणी, पिठलं, वांग्याची भाजी, दही, आणि नंतर हुग्गी, म्हणजे गव्हाची खीर. जेवणाला नाव ठेवायला जागा नाही, वाढणाऱ्या बाई आग्रहानं वाढत होत्या, पण पावणेतीन म्हणजे फार उशीर, अण्णांना शुगर आहे, मी पिशवीत राजगिऱ्याचे लाडू ठेवले होते म्हणून निभावलं. वयस्कर माणसं बरोबर असतील तर खायला काहीतरी जवळ ठेवाच. आणि बायकांसाठी बाथरूमची सोय, दिवसभरात धड दोनच ठिकाणी, याचा त्यांनी आधीच विचार करून ठेवायला पाहिजे आणि कुठं थांबणार ते सकाळीच सांगायला पाहिजे. दुसरा पोरगा म्हणाला पुढच्या वेळेपासून करतो. केलं तर चांगलंच.

जेवणानंतर मुलांचं उत्खनन. त्याच शेताच्या कडेला त्यांनी दोन-दोन मीटरचे चार चौकोन आधीच तयार करून ठेवले होते, खिळे आणि सुतळी लावलेले, मधे मातीची भिंत सोडलेली, तिला बाल्क म्हणतात, ती का सोडायची तर थर उभे दिसावेत म्हणून. आत तीन-चार प्रकारची माती थरावर थर, सगळ्यात खाली काळी, वर मुरूम, वर राख मिसळलेली, वर लाल. प्रत्येक थरात नव्या मडक्यांचे तुकडे, हाडासारखी लाकडं, मणी, बांगड्या पुरून ठेवलेल्या. मुलांना खुरपी, ब्रश, घमेलं आणि एक वही. नियम एकच, एक थर पूर्ण निघाल्याशिवाय खालच्याला हात लावायचा नाही, आणि जे सापडेल ते सुतळीपासून किती खोल, कुठल्या कोपऱ्यापासून किती लांब, हे मोजून वहीत लिहून टॅग लावल्याशिवाय उचलायचं नाही. पहिली पंधरा मिनिटं पोरं नुसती उकरत होती. मग आपापसात भांडायला लागली, ए थर मोडू नको, ए लिहिलंस का, आणि हळूहळू सगळी गप्प होऊन बारीक काम करायला लागली.

आमच्या पोराच्या चौकोनात सगळ्यात खालच्या काळ्या थरात बॉलपेनचं निळं टोपण निघालं. त्याच्या वरच्या थरांत मडकी, मणी, आणि खाली बॉलपेन! पोरं गोंधळली. एक जण म्हणाला सर तुमचं पडलं असेल, एक म्हणाला मग खालचा थर नवीन आणि वरचा जुना. तो काहीच बोलला नाही, नुसतं म्हणाला, माती बघा. दहा-एक मिनिटं गेली. शेवटी एक लहानशी मुलगी, पाचवीतली असेल, तिनं बोट दाखवलं की टोपणाच्या भोवतीची माती गोल आहे आणि सैल आहे आणि तिचा रंग वरच्या लाल मातीसारखा आहे. घुशीचं बीळ! त्यानं मुद्दाम तसं करून ठेवलं होतं, वरनं नळी घालून सैल माती आणि टोपण खाली सोडलेलं. खऱ्या उत्खननात असंच होतं म्हणाला, घूस, झाडाचं मूळ, नंतरच्या माणसांनी धान्यासाठी किंवा कचऱ्यासाठी खणलेला खड्डा, आणि नवीन वस्तू जुन्या थरात जाऊन बसते, आणि ते बीळ दिसलं नाही तर शहाणा माणूससुद्धा इतिहास चुकीचा लिहितो. आमच्या चिरंजीवांनी वहीत लिहिलं, "टोपण, चौथा थर, पण घुशीच्या बिळात, बीळ पहिल्या थरातून सुरू." ते पान मी फोटो काढून ठेवलंय.

यातल्या उणिवा पण सांगते. नऊ मुलं आणि चाळण एकच, त्यावरनं रडारड झाली. डोक्यावर सावली नाही, एक हिरवं नेट बांधलं असतं तरी चाललं असतं, टोपी आणि पाणी घरनंच न्या. जे माहितीचं पत्रक दिलं त्याची छपाई इतकी पुसट की अण्णांना चष्म्यानंसुद्धा वाचता आलं नाही, आणि शुद्धलेखन तपासून घ्यायला पाहिजे, पोरं तेच वाचून लिहितात.

आता माझं एक वैयक्तिक. माझी मावशी तेरच्या अलीकडंच तेरणेकाठच्या एका गावात असते, आणि लहानपणी सुट्टीत तिच्याकडं असताना पाऊस पडून गेला की आम्ही टेकाडाकडच्या रानात मणी वेचायला जायचो. ओल्या मातीत लाल मणी चमकून दिसतात. माझ्याकडं अजून बिस्किटाच्या डब्यात चौदा मणी आहेत, नऊ लाल, तीन पांढुरके, दोन काळ्यावर पांढरे पट्टे असलेले. मी तो डबा बरोबर नेला होता आणि दाखवू का नको असं करत जेवताना त्या पोराला दाखवला. मला वाटलं तो किंमत सांगेल, नाहीतर माझ्याकडं द्या म्हणेल. त्यानं हातात एक लाल मणी घेतला, उजेडाकडं धरला, भोक बघितलं, दोन्ही बाजूंनी पाडून मधे जुळवलेलं आहे हे मला दाखवलं, मधे बारीक पायरी दिसते, आणि मग विचारलं, "ताई, कुठल्या रानात मिळाले? टेकाडाच्या कुठल्या अंगाला?" मी म्हणाले मावशीच्या. तो म्हणाला असं नाही, नीट आठवा, विहिरीपासून कुठं, बांधापासून कुठं, एका जागी मिळाले का वेगवेगळ्या, आणि आजच लिहून डब्यात ठेवा, म्हणजे कधी कुणी तिथं काम करायला आलं तर या चौदा मण्यांचा उपयोग होईल, आणि जमलं तर संग्रहालयात नेऊन दाखवून नोंद करता येते का विचारा. माझ्या जन्मात मला कुणी हा प्रश्न विचारला नव्हता.

घरी आल्यावर रात्री मावशीला फोन लावला. मावशी ऐंशीच्या पुढची, पण तिला सगळं आठवतं. म्हणाली, लाल मणी विहिरीच्या वरच्या अंगाला, बाभळीच्या खाली, आणि पट्ट्याचे ते तिथले नव्हेत, ते ओढ्याकडच्या कडेला मिळायचे, तुला नाही आठवत, तिथं खाली राखेचा पट्टा होता, तुझा मामा म्हणायचा इथं पूर्वी कुंभाराची भट्टी होती. ते सगळं मी कागदावर लिहिलं, पट्ट्याचे दोन मणी वेगळ्या पुडीत बांधले, पुडीवर "ओढ्याची कड, राखेजवळ" असं लिहिलं आणि डब्यात ठेवलं. दिवाळीत पोराला घेऊन जाणार आहे, बाभळ आता नाही पण विहीर आहे.

ज्यांना जायचंय त्यांच्यासाठी: बुकिंग आठ-दहा दिवस आधी करा, सीट लवकर भरतात. पुढची सीट मागून घ्या म्हणजे ऐकू येतं. लहान मुलं, म्हणजे आठ वर्षांखालची, कंटाळतात, आमच्यातली दोन कंटाळली. गुडघेदुखी असेल तर पांढरीवरचा चढ जपून, काठी न्या. रद्द केलं तर पैसे किती परत ते आधी लिहून घ्या, माझ्या मैत्रिणीचं ऐनवेळी रद्द झालं तर निम्मेच मिळाले आणि ते तिला आधी कुणी सांगितलं नव्हतं. परत सोलापूरला साडेआठ वाजले, सातला पोचवू म्हणाले होते.

मी पाचपैकी चार देते. एक कापला तो वेळेसाठी आणि सोयींसाठी, माहितीसाठी एक पैसाही कापणार नाही.

त्यांची पुढची सहल हत्तरसंग कुडलची आहे, आपल्या दक्षिण सोलापुरातलंच, भीमा-सीनेचा संगम, जिथं शके ९४०, म्हणजे इसवी सन १०१८ चा मराठी शिलालेख आहे, जो वाचेल तो विजयी होईल असं मराठीत कोरलेला, सोलापूरच्याच आनंद कुंभारांनी लोकांसमोर आणलेला. तिथंच मातीच्या ढिगाखालनं हरिहरेश्वराचं मंदिर उकरून काढलं आणि त्यात ते ३५९ मुखांचं शिवलिंग मिळालं. आम्ही तीन सीट सांगून ठेवल्यात. अण्णांनी विचारलं, गाडी सहाला म्हणजे सहालाच निघणार ना, आणि तो पोरगा फोनवर हो म्हणालाय.